आखाडाचा डबा आणि शेवटचा प्रश्न

आमच्या अवसरीत आखाड संपायच्या दिवशी खाण्याची जी घाई सुटते ती बघून वाटावं, श्रावण म्हणजे जन्मठेपच. मटणाच्या दुकानापुढं सकाळपासून गर्दी. मुंडी कुणाला, वजडी कुणाला, यावरून सख्खे भाऊ अबोला धरतात. संध्याकाळी पातेलं राखेनं घासून पालथं घालायचं आणि वर त्याला हळदी-कुंकू लावायचं. पातेल्याला! मी दरवर्षी नाक मुरडतो आणि रस्सा मात्र दोन वाट्या जास्त पितो.

यंदा त्यात भावकीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर क्विझ आलं. चाकणला कंपनीत असलेल्या चुलतभावानं काढलेलं. ज्यानं कित्येक वर्षं गावात साधा कांदा कापला नाही, तो विचारणार, ‘कापण्या कशाच्या करतात?’ खाली चार पर्याय. बरोबर आलं की टाळ्यांची चित्रं, चुकलं की ‘काय राव, सासुरवाडीला विचारा’. निव्वळ पोरकटपणा. मी मात्र पहिल्या प्रश्नापासून खेळत होतो आणि सगळ्यांच्या पुढं होतो.

ओट्यावर भरलेला डबा होता, मळ्यातल्या वहिनींसाठी. माझा थोरला चुलतभाऊ माघात गेला. दुःखाच्या घरात कढई चढत नाही, सणालाही तळण होत नाही. आमच्या भावकीत आखाडाच्या शेवटच्या दिवशी दिवेलागणीच्या आत त्या घरी मटणाचा डबा न्यायचा. घरानं तो खाल्ला की दुखवटा सुटला. नाही नेला तर पुढच्या आखाडापर्यंत तसाच. यंदा न्यायची पाळी माझी होती.

“आधी डबा देऊन या,” बायको म्हणाली. “फोनवर बोटं काय, रात्री पण चालतील.”

“एकच प्रश्न राहिलाय.”

तो प्रश्न आला. ‘दुःखाच्या घरी आखाडाचा डबा कधी पोचायला पाहिजे?’ मी सगळ्यांच्या आधी उत्तर टाकलं, दिवेलागणीच्या आत. का, तेही दोन ओळींत समजावलं. टाळ्या पडल्या. त्यांच्याखाली गेलेल्या भावाच्या नंबरवरून, तो फोन आता वहिनी वापरतात, निरोप आला: ‘बरोबर हाय भावजी. आमी वाट बघतोय.’

मान वर केली तर खिडकीत अंधार.

मळ्यात पोचलो तेव्हा तुळशीपाशी दिवा होता. वहिनी दारातच उभ्या होत्या. डब्याला त्यांनी हात लावला नाही.

“पातेलं घासून पालथं घातलं, भावजी. पोरी कवाच्या हात धुऊन बसल्या व्हत्या.”

“वहिनी, एवढ्यानं काय होतंय?”

“आत्ता तर फोनात लिवलंत की, काय व्हतं ते.”

हा सगळा खुळचटपणा आहे, असं एरवी मीच म्हणालो असतो. तसं म्हणायची सोयही मी घालवून बसलो होतो.

“च्या घेऊन जावा,” त्या म्हणाल्या. मी कोरा चहा उभ्यानं प्यालो.

येताना कालव्याच्या पुलाजवळ डबा कुत्र्यांपुढं उपडा केला. घरी रिकामा डबा ठेवून म्हणालो, दिला. ग्रुपवर माझा पहिला नंबर जाहीर झाला होता. मी हात जोडल्याचं चित्र टाकलं.

वहिनींनी कुणाला काही सांगितलं नाही. दिवाळीत साऱ्या गावात तळणाचा वास होता, फक्त मळ्यात नव्हता.

“डबा तर दिला होता ना आपण?” बायकोनं विचारलं. “मग कढई का नाही चढली?”

“असेल काही त्यांचं,” मी म्हणालो, आणि करंजीला हात घातला.