मोठ्या काकीचे धणे

मोठी काकी आपल्या धाकट्या जावेशी नऊ वर्षं एक शब्द बोलली नव्हती, आणि त्या नऊ वर्षांत तिला काहीतरी सुनावल्याशिवाय काकीचा एक दिवस गेला नव्हता. टेमघरला एकाच अंगणात दोघींची घरं समोरासमोर. मी तिथल्या प्राथमिक शाळेत शिक्षिका म्हणून लागले आणि काकीच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहू लागले, तेव्हा खोलीबरोबर निरोप्याचं कामही माझ्याकडे आलं. धाकटी चार हातांवर भांडी घासत असायची आणि काकी ओट्यावरून मला म्हणायची, "मास्तरीण, सांग तिला, दूध उतू जातंय." मी तोंड उघडेपर्यंत धाकटी आत पळालेली असायची. मग आतून उत्तर यायचं, तेही मलाच. "सांग तिला, माझं डोलं फुटलं न्हाईत."

भांडण धण्यांवरून झालं होतं. त्यांच्या सासूचा मसाला टेमघरपासून अंजूरपर्यंत नावाजलेला. सासू गेल्यावर पहिल्याच चैत्रात काकी म्हणाली, धणे नुसते उन्हात तापवून टाकायचे. धाकटी म्हणाली, भाजून. दोघींनाही सासूनं स्वतः सांगितलेलं. म्हातारीनं दोघींना मुद्दाम वेगवेगळं सांगितलं असणार, अशी माझी खात्री आहे. सुनांचं एकमत होऊ नये, एवढी काळजी पुष्कळ सासवा जाता जाता घेतात. शब्दानं शब्द वाढला. चुली आधीच दोन होत्या, आता मसालेही दोन झाले.

मी राहायला गेल्याच्या दुसऱ्या वर्षी धाकटीच्या छातीत गाठ निघाली. मुंबईच्या इस्पितळात ऑपरेशन झालं. पुढे इंजेक्शनं आणि विजेचे शेक, तेही कितीतरी महिने. तिचा नवरा कापडाच्या लूमवर शिफ्ट करणारा. पहिल्याच खेपेला घरातलं होतं नव्हतं ते सोनं गेलं.

गणपती मंडळातल्या मुलांनी मदतीसाठी डबा फिरवायचं ठरवलं. काकीनं तो डबाच काढून घेतला. "डबा फिरवलात तर ती बरी होऊन पन मान वर करनार न्हाय. ती काय मागनारी हाय? काय ते करा आनि विका. मी मसाला करते."

झालं, सगळी आळी कामाला लागली. कुणी पापड लाटले, कुणी फेण्या घातल्या, कुणी सुकट आणली. एका लूमवाल्यानं कटपिसांचं गाठोडं दिलं. मी शाळेतली दोन बाकं मागून आणली आणि रविवारी नाक्यावर सेल लागला. सेल हा शब्द काकीला भारी आवडला. रस्त्यानं जाणाऱ्याचा हात धरून ती त्याला बाकापाशी आणायची. एक रिक्षावाला म्हणाला, आमच्या घरी मसाला आहे. त्यावर काकी म्हणाली, "तो संपल्यावर काय करशील? तवा मी घरी सोडायला येनार न्हाय." त्यानं दोन पुड्या घेतल्या. संध्याकाळी बाकावर पुडी उरली नाही.

पुढच्या रविवारी पापड संपले, कटपिसं संपली. मसाला तसाच राहिला. यंत्रमागावरच्या कामगारांची खानावळ, जिला आमच्याकडे भिस्सी म्हणतात, तिचा मालक चाचरत पुढे आला. "काकी, मदद का पैसा ले लो. मसाला रहने दो. लड़के थाली छोड़ देते हैं." काकीनं पैसे घेतले नाहीत. पदरानं बाक पुसलं आणि पुड्या पिशवीत भरल्या.

त्याच आठवड्यात धाकटीनं पुढच्या इंजेक्शनांना जायला नकार दिला. असला मसाला विकून माझ्यापायी लोकांना लुबाडू नका, म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडली. नवऱ्यानं विनवण्या केल्या, डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली. ती वळली नाही. मी येऊन काकीला सांगितलं. मला वाटलं, आता दहा निरोप सुटतील. काकीनं उरलेल्या पुड्यांची पिशवी पुढे ओढली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मास्तरीण, सांग तिला... न्हाय, इचार तिला. धने किती भाजू?"

हे तीन शब्द काकीला किती जड गेले असतील ते मलाच ठाऊक. मी अंगण ओलांडून गेले. डोक्याला फडकं बांधून धाकटी पडली होती. निरोप ऐकला आणि ती भिंतीकडून वळली.

"भाजू म्हनाली? तिच्या तोंडानं?"

मी हो म्हटलं. ती हसायला लागली. टाक्यांची जागा ओढली तशी छातीवर हात दाबून हसत राहिली. "सांग तिला, मंद आचेवर. आनि मधी उठू नको म्हनावं."

काकी अर्थातच मधे उठली. मासळीवालीशी घासाघीस करायची संधी तिनं आयुष्यात सोडली नव्हती. पाच मिनिटांत वास अंगणभर झाला. समोरच्या दारात चौकट धरून धाकटी उभी दिसली. कितीतरी दिवसांत ती पहिल्यांदा उठली होती.

"सांग तिला, करपले."

काकीनं मान वर केली नाही. "सांग तिला, येवढं कलतं तर हितं येऊन बस." आणि शेजारचा पाट पायानं पुढे सरकवला.

धाकटी आली आणि बसली. त्या दिवसापासून भाजणं धाकटीचं आणि कांडणं काकीचं. भिस्सीवाला एकदा घेऊन गेला, मग दर रविवारी यायला लागला. धाकटीही इंजेक्शनांना गेली. निघताना बजावून गेली, "सांग तिला, मी येईपर्यंत धन्यांना हात लावायचा न्हाय." पुढे वर्ष-दीड वर्ष नाक्यावर आमची बाकं लागत राहिली. उपचार पुरे झाले. धाकटीला केस आले, तेही आधीपेक्षा दाट. काकी म्हणायची, मसाल्याचा गुण.

अबोला मात्र सुटला नाही. लागून दोन पाट, आणि निरोप माझ्यामार्फत. मी शाळेत असले तर मांजराला सांगायच्या. मी एकदा काकीला विचारलं, आता तरी सरळ बोला की. ती म्हणाली, "बोलाय लागलो तर भांडू. हे बरं चाललंय." मला काकी आवडायची ती अशा वेळी. तिनं हार मान्य केली होती आणि हट्ट राखला होता, आणि दोन्ही एकाच चुलीवर.

पुढे माझी बदली खारबावला झाली. दर चैत्रात काकीकडून मसाल्याचा डबा यायचा. दहाएक वर्षांनी, एका थंडीत, काकी चार दिवसांच्या तापानं गेली. मी पोहोचले तेव्हा धाकटी कोपऱ्यात बसली होती. तिच्या मांडीवर काकीचा पाट होता.

चैत्रात मीच टेमघरला गेले. दुपारची वेळ. अंगणात चुलीपुढे धाकटी धणे भाजत होती. शेजारी दुसरा पाट मांडलेला. मला पाहून ती उठली नाही. धणे परतत राहिली, नीट खमंग झाले तसं तवा उतरवला आणि हनुवटीनं त्या पाटाकडे दाखवलं.

"मास्तरीण, सांग तिला, यंदा एक बी करपला न्हाय."

मी पाटाकडे तोंड केलं आणि सांगितलं.