वाऱ्याला दिलेली वाट

दारं-खिडक्या बनवणाऱ्या त्या कारखान्यात पिकअप चालवणाऱ्याला सगळे ‘अ‍ॅव्हरेज’ म्हणत. अगदी मालकसुद्धा. कुणी ‘कसं काय, बरंय ना?’ विचारलं तरी तो म्हणायचा, “काल तेरा पडलं.” म्हणजे गाडी लिटरला तेरा किलोमीटर गेली. चढावर अलगद, उतारावर अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढून, सिग्नलला इंजिन बंद करून, अशी त्याची गाडी चालायची. “हा डिझेल चमच्याने पाजतो,” असं वॉचमन म्हणायचा.

माल उतरवला की हौद्याचा मागचा फाळका तो बंद करत नसे. फाळका आडवा पाडायचा, दोन्ही साखळ्यांवर लोंबकळू द्यायचा आणि तसाच खडखडत परत यायचा. तरुणपणी ज्या म्हाताऱ्या ड्रायव्हरच्या हाताखाली तो शिकला, त्याने सांगितलं होतं, “बंद फाळका म्हणजे पाठीला बांधलेली भिंत. वाऱ्याला वाट दिली की गाडी हलकी पळते.” गुरूचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. थेंबाथेंबाचा हिशेब ठेवणाऱ्या या माणसाने वीस वर्षांत तेवढी एकच गोष्ट कधी मोजून पाहिली नाही.

त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ त्याच कारखान्यात वेल्डर होता. लग्न केलेलं नव्हतं, राहायला बहिणीकडेच. जेवताना दोघांची रोज जुंपायची.

“दाजी, उलटं आहे ते,” मेहुणा म्हणायचा. “हौद्यातला भुसा कधी बघितलात का? फाळका बंद असला की तो मागे उडत नाही, पुढे केबिनकडे सरकतो. म्हणजे आत हवा गोल फिरत असते आणि वरचा वारा तिच्यावरून घसरून जातो. फाळका पाडलात की तोच वारा आत घुसून गाडीला मागे ओढतो.”

“आता भुसा मला गाडी शिकवणार!”

“भुसा खोटं बोलत नाही.”

“ताटातलं संपव आधी,” बहीण मध्ये पडायची. “दोघांनाही वारं लागलंय.”

वीस वर्षं साखळ्यांवर आदळून आदळून फाळक्याची डावी खिट्टी झिजली. आधी ती आपोआप निसटू लागली, मग एक दिवस तुटूनच पडली. अ‍ॅव्हरेजने कडीला वायरचे वेढे दिले आणि वर पक्कडीने पीळ मारला. “अर्धा दिवस गाडी माझ्याकडे लावा, नवी खिट्टी बसवून देतो,” असं मेहुण्याने तीनदा सांगितलं. दर वेळी उत्तर एकच, “आज नको, उद्या बघू.” त्याच्या लेखी फाळका ही उघडायची वस्तू होती. ती बंद कशी राहते याची काळजी त्याला कशाला असणार?

एका दुपारी शाळेत चार दारं पोचवायची होती. माल चढवणारा गडी आजारी होता, म्हणून चौकटी बसवायला निघालेला मेहुणाच मागे चढला. दारं लांब, हलत होती. फाळक्याला पाठ टेकून त्याने ती दोन्ही पायांनी दाबून धरली.

“दाजी, वायर नीट आहे ना?”

“हत्ती बांधलास तरी सुटायची नाही.”

शाळेच्या अलीकडे गतिरोधक होता. अ‍ॅव्हरेजला तो ठाऊक होता. पण ब्रेक मारला की पुन्हा वेग धरायला डिझेल जातं, म्हणून तो नेहमी नुसता पाय काढून त्यावरून जायचा. त्या दिवशीही तसाच गेला. मागून लोखंड आपटल्याचा आवाज आला आणि गाडी एकाएकी हलकी झाली. त्याने आरशात पाहिलं. रस्त्यावर दारं पसरली होती आणि त्यांच्याखाली निळा शर्ट दिसत होता.

मेहुणा जगला, पण कंबरेखालचं अंग गेलं. महिनाभराने त्याला घरी आणून बाहेरच्या खोलीत खिडकीशी झोपवलं. बहिणीने नवऱ्याला एकच प्रश्न विचारला, “वायर कुणी बांधली होती?”

“मी.”

त्यानंतर तिने त्याच्याशी बोलणं टाकलं. जे सांगायचं ते भावाला सांगायची. “यांना म्हणावं, जेवण झाकून ठेवलंय.” मेहुणा ते पुढे सांगायचा आणि वर म्हणायचा, “दाजी, माझे पाय गेले, पण घरात टपाल वाटायची नोकरी लागली.” यावर हसायचं कुणी, हा प्रश्नच होता.

अ‍ॅव्हरेज पहाटे उठून त्याला कुशीवर वळवायचा, पुसायचा, चादर बदलायचा. संध्याकाळी कामावरून आला की तेच परत. त्याने कधी माफी मागितली नाही. कोणत्या तोंडाने मागणार? इतका मोठा शब्द त्याच्या तोंडी कधी बसलाच नव्हता.

मालकाने नवा फाळका बसवून घेतला. त्याला दोन्ही बाजूंना जाड खिट्ट्या होत्या आणि गाडी भरलेली असो वा रिकामी, तो बंद ठेवायचा हुकूम होता. अ‍ॅव्हरेजने हुकूम पाळला. तोच रस्ता, तोच पंप. टाकी काठोकाठ भरायची, संपत आली की परत भरायची, किलोमीटरला लिटरने भागायचं. दोन महिने तो मोजत राहिला. मोजायचं थांबवता येईना.

एका रविवारी मेहुण्याची दाढी करता करता तो म्हणाला, “बंद ठेवून साडेतेरा पडतंय.”

मेहुण्याने डोळे उघडले. “आणि उघडा असताना?”

“तेरा. कधी त्याच्याही आत.”

मेहुणा हसायला लागला. हसता हसता खोकला आला, साबणाचा फेस उशीवर उडाला. मग स्वयंपाकघराकडे बघून हळूच म्हणाला, “ताईला सांगू नका. काहीतरी वाचत होतं, असंच वाटू दे तिला.”

अ‍ॅव्हरेजने मान हलवली आणि उरलेला गाल पूर्ण केला.

पडून पडून पाठीला झालेल्या जखमा चिघळल्या, ताप उतरेना. अपघाताला अकरा महिने झाले आणि मेहुणा गेला. आलेगेले लोक पांगले. घरात दोघंच उरली, निरोप पोचवणारं तिसरं कुणी नाही. पंधरा दिवस नुसते भांड्यांचे आवाज होते.

मग एक दिवस तो चहा पीत बसला असताना ती समोर येऊन उभी राहिली.

“एक विचारते. खरं सांगाल?”

“सांगेन.”

“त्या फाळक्याने डिझेल वाचत तरी होतं का?”

मेहुण्याला दिलेला शब्द त्याला आठवला. ‘होय’ म्हणणं सोपं होतं, आणि मेलेल्या माणसाची इच्छाही तीच होती. पण ती वर्षभरानंतर त्याच्याशी बोलत होती. त्यात पहिलंच खोटं घालायला त्याची जीभ वळेना.

“नाही,” तो म्हणाला. “थेंबभरही नाही. उलट जास्तच जात होतं. तो म्हणत होता तेच खरं.”

“त्याला कळलं होतं?”

“कळलं होतं. तुला सांगू नका म्हणाला होता.”

तिने खुर्चीची पाठ धरली. रडली नाही, ओरडली नाही. बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. पुन्हा अशी संधी मिळायची नाही म्हणून नीट बघून घ्यावं, तशी. मग आत गेली. आपली उशी, पांघरूण आणि कपड्यांची पेटी घेऊन बाहेरच्या खोलीत आली आणि भावाच्या रिकाम्या खाटेवर तिने अंथरूण घातलं.

तो अजून पिकअप चालवतो. आता ती त्याच्याशी बोलते. भाजी संपली, नळ गळतोय, असलं सगळं सांगते. खाट मात्र खिडकीशीच आहे, आणि ती तिथेच झोपते.