चारशे बारा दारं

धोंडिबा मेश्राम आमच्या ऑफिसात नकाशे काढायचे आणि ते अहवालात बसवायचं काम माझ्याकडे होतं. टोरांटोतली शहर-नियोजनाची सल्लागार कंपनी, माणसं चाळीसेक, कामं देशोदेशीची. त्यात मराठी तिघं. धोंडिबाकाका नागपूरचे, मी पुण्याची आणि आमचा प्रोजेक्ट मॅनेजर गुरुदत्त, तोही पुण्याचाच. दुपारचा डबा आम्ही एकत्र खायचो. गंगुबाईकाकूंनी पाटवडी केली की काका गुरुदत्तचा डबा वेगळा भरून आणायचे.

त्याला कारण होतं. २००१ साली गुरुदत्त शिकायला आला तेव्हा अकरा महिने तो टोरांटोच्याच एटोबिको भागातल्या काकांच्या घरात, बेसमेंटमध्ये राहिला होता. काका तेव्हा विमानतळाजवळच्या वेअरहाऊसमध्ये खोकी भरायचे. नागपुरात ते नगररचना खात्यात आरेखक होते, पण ती नोकरी इथे कुणी जमेत धरली नाही. रात्रपाळीहून आले की सकाळी ते गुरुदत्तच्या असाइनमेंटचे नकाशे तपासून द्यायचे. गुरुदत्त शिकला, नोकरीला लागला, वर चढला आणि २००६ मध्ये त्यानंच काकांना आमच्या ऑफिसात आणलं. "माझा मुलगाच आहे तो," काका म्हणायचे. त्यांना मुलगा नव्हता. रचना नावाची एक मुलगी होती. तिच्याशी ते मराठीत बोलायचे आणि ती इंग्रजीत उत्तरं द्यायची.

नकाशांबद्दल काका फार हळवे होते. त्यांचा जन्म नागपुरात नाल्याकाठच्या वस्तीतला. खात्यात लागल्यावर पहिल्याच वर्षी त्यांच्यापुढे त्या भागाचा नकाशा आला आणि त्यात त्यांची गल्लीच नव्हती. त्यांनी ती शाईनं काढली. साहेबांनी विचारलं, ही कुठून आली? "मी तिथूनच सायकलनं आलो साहेब," काका म्हणाले. गल्ली नकाशात राहिली. ही गोष्ट त्यांनी मला निदान चार वेळा सांगितली असेल, दर वेळी तितक्याच आनंदानं.

२००९ साली इंडोनेशियाचं काम आलं. जावा बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरचं एक बंदराचं शहर. नाव घेत नाही, कारण ज्यांची ही गोष्ट आहे त्यांना अजून तिथंच राहायचंय. शहर झपाट्यानं वाढत होतं. कारखाने, हॉटेलं खोल बोअर मारून पाणी उपसत होती आणि त्यानं जमीन दर वर्षी काही इंच खचत होती. वर टेकड्यांवर नव्या कॉलन्या झाल्या, तिथलं पावसाचं पाणी मुरायचं बंद होऊन सरळ खाली येत होतं. खालून समुद्र आत शिरत होता. भरतीच्या त्या पाण्याला तिथे 'रोब' म्हणतात. पाऊस नसतानाही, लख्ख उन्हात, घरात घोट्याएवढं पाणी.

पूर अडवायची योजना आम्ही आखून द्यायची होती. एक मोठा तलाव, पंप, गटारं. नदीच्या मुखाशी एक जुनी वस्ती होती, तिचा नकाशाच उपलब्ध नव्हता. उपग्रहाच्या फोटोत नुसती छपरं दिसायची, एकाला एक चिकटलेली. कुठलं घर कुठे संपतं ते तिथे जाऊनच कळणार होतं. म्हणून गुरुदत्त आणि काका सहा आठवड्यांसाठी गेले.

पहिले चार दिवस कुणी दार उघडलं नाही. टेप घेऊन आलेली माणसं कशाला येतात हे त्या लोकांना ठाऊक होतं. गल्लीची निवडून दिलेली प्रमुख होती बू वार्नी. बू म्हणजे बाई किंवा आई, दोन्ही. साठीची, मासे सुकवून विकणारी. काका दुभाषी मुलीला घेऊन तिच्या ओट्यावर जाऊन बसले. तिच्या घराचं दार जेमतेम त्यांच्या छातीएवढं उंच होतं. पाणी वर येतं म्हणून दर चार-पाच वर्षांनी लोक जमीन भर घालून उंच करतात, छप्पर मात्र तिथंच राहतं. म्हणजे दार दर वेळी बुटकं होत जातं. बू वार्नी स्वतःच्या घरात वाकून चालायची.

"मी म्हटलं तिले," काकांनी परत आल्यावर मला सांगितलं, "आमच्या नाल्याकाठीही असंच होतं. ती दुभाषी पोरगी सांगत होती आणि बाई माझ्याकडे पाहत होती. मंग तिनं चहा आणला."

संध्याकाळी वस्तीची बैठक झाली. गुरुदत्त उभा राहून बोलला. वस्ती आहे तिथंच राहील, गटारं आणि पंप इथेच येतील. प्रत्येक दारावर एक नंबर पडेल आणि ज्याच्या दारावर नंबर त्याला जागेचा कागद मिळेल. बू वार्नीनं गुरुदत्तला काही विचारलं नाही. तिनं काकांना विचारलं, "हे खरं आहे?"

"खरं आहे," काका म्हणाले. "मी शब्द देतो."

दुसऱ्या दिवसापासून दारं उघडली. काकांनी एकेक खोली टेपनं मोजली, दाराची उंची लिहिली, घर कधी बांधलं ते विचारून लिहिलं आणि चौकटीवर निळ्या ऑइलपेंटनं स्वतःच्या हातानं नंबर घातला. एकूण चारशे बारा घरं. निघताना बू वार्नीनं दोघांना जेवायला बोलावलं होतं.

त्या हिवाळ्यात काकांनी तो नकाशा कॉम्प्युटरवर चढवला. त्यांच्याइतकं सुंदर काम मी पाहिलेलं नाही. विहिरी, मशीद, मासे सुकवायच्या जागा, सगळं. वस्तीला लागून मासेमारीची सोडून दिलेली तळी होती. तलाव तिथे खोदायचा असं मूळ आराखड्यात होतं.

जानेवारीत गुरुदत्तनं मला एक नवी फाईल पाठवली. "हा फायनल नकाशा. काकांच्या घरांचा लेयर ऑफ कर आणि हा टाक." मी उघडला. तलाव सरकून वस्तीवर आला होता. जुन्या तळ्यांच्या जागी 'प्रस्तावित निवासी विकास' असं लिहिलं होतं. वस्तीची घरं नव्हतीच, होती ती तिरक्या रेघा आणि खाली 'रिकामी शासकीय जमीन'. परिशिष्टात मात्र काकांची यादी जशीच्या तशी होती, नंबर एक ते चारशे बारा. तिचं शीर्षक बदललं होतं: 'हलवायची कुटुंबं'.

मी गुरुदत्तकडे गेले. "काकांना माहीत आहे?"

"सांगतो मी त्यांना. तू लेआउट पूर्ण कर, डेडलाइन आहे."

माझ्या नवऱ्याचा त्याच महिन्यात लेऑफ झाला होता. मी लेआउट पूर्ण केला. तीन आठवडे काकांबरोबर डबा खाल्ला आणि त्याबद्दल एक शब्द बोलले नाही. तो सांगणार आहे, असं मी स्वतःला सांगत राहिले. तो सांगणार नाही हे मला कळत होतं.

अहवाल छापून आला त्या दिवशी मीटिंग रूममध्ये केक होता. काकांनी एक प्रत उचलली आणि सवयीनं आधी नकाशा उलगडला. कोपऱ्यात लिहिलं होतं, 'मोजणी: डी. मेश्राम'. मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिलं.

"गुरुदत्त, वस्ती कुठे आहे?"

लोक केक खात होते. गुरुदत्त मराठीत, हळू आवाजात म्हणाला, "काका, आपण नंतर बोलू."

"नंतर नाही. चारशे बारा घरं मी मोजली. इथं रिकामी जमीन काऊन लिहिलं?"

"क्लायंटनं तळी बिल्डरला द्यायचं ठरवलं. आपण सल्लागार आहोत. नकाशा आपला नसतो."

"नाव तर माझं आहे त्याच्यावर."

"काका, ती सगळी जमीन दहा वर्षांत समुद्रात जाणार आहे. त्यांना दुसरीकडे घरं मिळतील. वीस किलोमीटरवर, पण कोरडी."

"मंग तिथं हे सांगायचं होतं. तू बैठकीत उभा राहून दुसरंच बोलला. आणि मले शब्द द्यायला लावला."

"मी लावला नाही. तुम्ही दिलात."

काकांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू ते या माणसाला पहिल्यांदा बघताहेत. "तुले तेव्हाच माहीत होतं?"

गुरुदत्तनं हातातली केकची प्लेट खाली ठेवली. मग म्हणाला, "मी तुम्हाला या कामावर आणलं, काका. वेअरहाऊसमधून. एवढं तरी लक्षात ठेवा."

काकांनी अहवाल टेबलावर ठेवला. "माझं नाव काढून टाक," म्हणाले आणि जाड कोट चढवून निघून गेले. परत कामावर आले नाहीत. त्यांचा चहाचा मग आणि ड्रॉवरमधली पट्टी मी नेऊन दिली.

तेव्हा त्यांनी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. "पोरी, माझा जुना नकाशा प्रिंट करून देशील? तिथल्या लोकांना पाठवायचाय."

कंपनीच्या फायली बाहेर देणं म्हणजे माझी नोकरी जाणार. मी तसं सांगितलं. ते म्हणाले, "हो, खरं आहे. राहू दे." जराही न रागावता म्हणाले, म्हणून ते जास्त लागलं.

मोजणीच्या वह्या मात्र त्यांच्या स्वतःच्या होत्या. सात वह्या. त्यांनी ट्रेसिंग कागद आणला, शाई आणली आणि जेवणाच्या टेबलावर हातानं नकाशा काढायला बसले. काकू वहीतले आकडे वाचायच्या, काका काढायचे. मार्च आणि एप्रिल त्यातच गेले. चौदा एप्रिलला आंबेडकर जयंतीच्या कार्यक्रमाला ते पहिल्यांदाच गेले नाहीत. "दरवर्षी गुरुदत्त यायचा माझ्यासंगं," म्हणाले. "लोक विचारतील, तो कुठे आहे. काय सांगू?"

नकाशा त्यांनी रोल करून बू वार्नीच्या पत्त्यावर पाठवला. सोबत, झालं ते सगळं कबूल करणारं एक पत्र रचनाकडून इंग्रजीत लिहून घेतलं. रचना लिहायला बसली आणि मध्येच थांबून म्हणाली, "बाबा, दे विल ब्लेम यू." काका म्हणाले, "लिही तू."

उत्तर चौदा महिन्यांनी आलं, त्या दुभाषी मुलीकडून. नकाशा मिळाला होता. एका वकिलानं तो सुनावणीत दाखवला. घरं कधीपासूनची आहेत हे त्यातून दिसत होतं, म्हणून आतल्या बाजूच्या दोनशे तीसेक घरांना तूर्तास हात लावायचा नाही असं ठरलं. नदीलगतची बाकीची पाडली. पाडणाऱ्यांकडे यादी होती आणि ते दारांवरचे निळे नंबर वाचत पुढे गेले. काही लोकांनी आदल्या दिवशी नंबर खरवडून काढले होते, पण चौकटीवर खूण राहिली होती. बू वार्नीचं घर सतरा नंबरचं, नदीकडचं. ती आता शहराबाहेरच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहत होती. तिथे मासे सुकवायला जागा नव्हती.

मुलीनं शेवटी लिहिलं होतं की काकांच्या पत्राला काय उत्तर द्यायचं, हे तिनं बू वार्नीला विचारलं. बू वार्नी म्हणाली, काही नाही.

काकांनी ते पत्र मला वाचायला दिलं. मी म्हटलं, "दोनशे तीस घरं वाचली, काका. तुमच्यामुळे."

"आणि बाकीची?" ते म्हणाले. "गुरुदत्तनं मले फसवलं, ते मी बोलू तरी शकतो. तिले कोणी फसवलं? तिनं त्याले विचारलंच नव्हतं."

मी तेव्हाही गप्प बसले. बोलले ते २०१२च्या उन्हाळ्यात, त्यांच्या घरामागच्या अंगणात. काका टोमॅटोंना काठ्या बांधत होते. मी सांगितलं, की तो नकाशा मीच बसवला होता. तीन आठवडे आधीपासून मला माहीत होतं.

त्यांनी हातातली सुतळी पूर्ण बांधली. गाठ ओढून पाहिली. मग विचारलं, "तेव्हा छापायला गेला नव्हता?"

"नाही."

"म्हणजे बोलता आलं असतं."

"हो, काका."

ते आत गेले. मला वाटलं, आता परत येणार नाहीत. पण पाण्याचा ग्लास घेऊन आले, माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "तुम्हाला उशीर होत असेल. हायवेला ट्रॅफिक लागतो या वेळेला."

सहा वर्षं मी त्यांना 'पोरी' होते. 'तुम्ही' त्यांनी मला कधीच म्हटलं नव्हतं. त्यानंतरही आम्ही भेटतो, रचनाच्या लग्नाचं आमंत्रणही आलं. काकू पाटवडी वाढतात, काका तब्येत विचारतात. नागपूरचं सगळं बोलणं त्यांनी माझ्यापुरतं आवरलंय. माझ्याशी ते आता शाळेतल्या पुस्तकासारखं, शुद्ध मराठी बोलतात.