क्लच नसलेली गाडी आणि बाबांचा डावा पाय

या सदरातल्या गूढ अनुभवांखाली खवचट प्रतिक्रिया लिहिणारी ती मीच. "पुरावा द्या, नाहीतर कथा म्हणून छापा" असं मी इथं कितीतरी जणांना सुनावलं आहे. त्या सगळ्यांनी आज माझ्यावर खुशाल हसावं. माझ्याकडेही पुरावा नाही.

आमच्या घरात लिंबू फक्त वरणात पिळतात. दारावर टांगत नाहीत. बाबा दर दसऱ्याला नागपूरला जायचे आणि येताना पिशवीभर पुस्तिका आणायचे — पातळ, पिन मारलेल्या, शाई बोटांना लागणाऱ्या. बुवाबाजीवर, जातीवर, मजुरांच्या हक्कांवर. मी वाचायला शिकले ती त्यांच्यावरच. आता मी स्वतः पत्रकं लिहिते, कोळसा वाहतुकीतल्या ड्रायव्हर-क्लीनर लोकांसाठी. माझ्या पहिल्या पत्रकाचा शेवट होता — 'कामगार हा यंत्राचा सुटा भाग नाही.' बाबांनी ते वाक्य मोठ्यानं वाचून दाखवलं होतं, आईला.

आम्ही वणीचे. बाबांचं नाव शालिक. आधी ट्रकवर होते, मग एका ट्रान्सपोर्टवाल्या शेठकडे त्यांची घरची गाडी चालवायला लागले. शेठनं एक भारी विदेशी गाडी घेतली. पांढरी! वणीत पांढरी गाडी... सकाळी धुवा, दुपारी कोळशाच्या धुळीनं राखाडी. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण दोष कंपनीचा होता असं मला म्हणताच येत नाही.

गाडी ऑटोमॅटिक होती. म्हणजे क्लच नाही. दांडा 'डी'वर टाकायचा, गिअर गाडी आपली आपण बदलते. उजव्या पायानं रेस आणि ब्रेक, डाव्या पायाला काम नाही. पण बाबांचा डावा पाय आयुष्यभर क्लच दाबत आलेला, तो सवयीनं क्लच शोधायचा आणि त्याला सापडायचा ब्रेक. गाडी खाडकन थांबायची. शेठच्या पांढऱ्या शर्टावर चहा.

"शालिक, तुह्या पायाले समजाव रे! नाही तं सीटबेल्ट तुले नाही, त्याले लावतो."

बाबा घरी येऊन सांगायचे, "उजव्याले ड्यूटी हाय, डाव्याले पेन्शन." हळूहळू त्यांनी तो पाय मागे दुमडून ठेवायची सवय लावून घेतली.

मग बाबांना लकवा आला. जीभ थोडी जड राहिली, डावा हात बराचसा परत आला. डावा पाय आला नाही. फिजिओथेरपीच्या मॅडम तळव्यावरून किल्ली ओढायच्या, अंगठा टोचायच्या, "काका, हलवा... प्रयत्न करा" म्हणायच्या. बाबांच्या कपाळावर घाम यायचा. पाय चादरीवर ठेवलेल्या वस्तूसारखा पडून असायचा.

त्याच सुमाराला शेठची गाडी बिघडली. नवीन ड्रायव्हर सलीमभाई, चांगले अनुभवी गृहस्थ. दुसऱ्यातून तिसऱ्या गिअरमध्ये जाताना गाडी झटका द्यायची, मग डॅशबोर्डवर पिवळा दिवा, आणि एका गिअरमध्ये अडकून बैलगाडीसारखी चालायची. नागपूरच्या वर्कशॉपमध्ये तिला कॉम्प्युटर लावला, ऑइल बदललं, सॉफ्टवेअर नवं टाकलं. तिथं ठीक चालली. वणीत शिरली की पुन्हा तेच.

बाबांना तपासणीसाठी यवतमाळला न्यायचं होतं तेव्हा शेठ म्हणाले, "आपली गाडी ने. अडकली तं अडकली." माणूस वाईट नाही तो. मी ते मुद्दाम लिहिते आहे, कारण वाईट असता तर मला सोपं गेलं असतं. आई बाबांसोबत गेली. मारेगाव गेलं, करंजी गेलं, यवतमाळ आलं... एक झटका नाही. परत आले, बाबांना दारात उतरवलं आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशीच पिवळा दिवा लागला.

शेठनं पुन्हा करून पाहिलं. बाबांना बसवलं की गाडी लोण्यासारखी, उतरवलं की ठप्प.

"पायगुण हाय शालिकचा," शेठ म्हणाले.

हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. या एका शब्दानं किती सुना घराबाहेर काढल्या गेल्या असतील! मी म्हटलं, "शेठजी, गिअरबॉक्सला पायगुण कळत नाही. मी सोबत येते. दाखवते तुम्हाला काय आहे ते."

आम्ही भर दुपारी वरोऱ्याच्या रस्त्याला निघालो. शेठ पुढे सलीमभाईंच्या शेजारी, मी आणि बाबा मागे. बाबा डावीकडे, पायात कॅनव्हासचे बूट. मी दोन सीटच्या मधून समोरचे काटे बघत होते. आणि मग खाली बघितलं.

बाबांचा डावा पाय हलला.

टाच मॅटवर, पंजा खाली दाबला गेला, क्षणभर थांबला, सावकाश वर आला. पंजा वर येतो न येतो तोच इंजिनाचा काटा खाली आला. गाडीनं गिअर बदलला होता. पुन्हा पाय. पुन्हा गिअर. पाय आधी, गिअर नंतर.

मी स्वतःला म्हटलं, थांब. हादऱ्यानं हलत असेल. इंजिनाचा आवाज ऐकून जुनी सवय जागी होत असेल. मी बाबांना डोळे मिटायला लावले. गाणी मोठ्यानं लावली. सलीमभाईंना खुणेनं सांगितलं, मनात येईल तशी रेस द्या, सोडा. काही फरक नाही. पाय आधी, गिअर नंतर.

मग मी वाकून तो पाय दोन्ही हातांनी उचलला आणि माझ्या मांडीवर घट्ट धरून ठेवला.

इंजिन ओरडायला लागलं. काटा वर, वर, गाडी मात्र पुढच्या गिअरमध्ये जाईना. मागून कोळशाचा ट्रक हॉर्न देत अंगावर आला.

"ताई, काय केलं तुम्ही? ही मरून राह्यली नं!" सलीमभाई ओरडले.

माझ्या हातात तो पाय ताठ झाला होता. बुटातून मला त्याची ओढ लागत होती, खाली, मॅटकडे. ज्या पायात मॅडमना कधी काही सापडलं नाही, त्यात इतकी ताकद होती की मला तो धरवेना.

"सोड नं माय," बाबा म्हणाले. "त्याले काम हाय."

मी सोडला. गाडी शांत झाली. शेठ मागे वळून माझ्याकडे बघत होते, पण जिंकल्यासारखं नाही. घाबरले होते.

मी घरी येऊन बाबांना पलंगावर बसवलं. "बाबा, आता हलवा." त्यांनी प्रयत्न केला. मीही मनात प्रयत्न केला. काहीही झालं नाही.

नंतर शेठची भीती मोडली आणि गरज उरली. आज चंद्रपूर, उद्या नागपूर, परवा कोर्ट. दर सकाळी सलीमभाई येऊन बाबांना उचलून गाडीत ठेवायचे. शेठ ऑफिसात मीटिंगला, बाबा बाहेर पार्किंगमध्ये, उन्हात, तासन्‌तास. लघवीला कोण नेणार? फिजिओथेरपी बुडाली. एका संध्याकाळी त्यांची पँट ओली होऊन वाळलेली होती. आई ती धुवायला घेऊन गेली.

मी शेठच्या फाटकात जाऊन उभी राहिले.

"माझा बाप तुमच्या गाडीचा पार्ट नाही!"

"बेटा, मी काहून म्हणीन तसं? तूच विचार त्याले. तो नको म्हणन तं उद्यापासून गाडी येणार नाही."

मी विचारलं. बाबांनी मान भिंतीकडे वळवली.

"मले जाऊ दे."

"बाबा, ते तुम्हाला वापरून घेताहेत. तुम्हीच मला शिकवलं ना हे?"

"शिकवलं नं. खरंच हाय ते." मग म्हणाले, "पण घरी हा पाय मेलेला हाय, बाई. तिथं जिता हाय. मी काय करू, सांग."

माझ्या कुठल्याही पत्रकात याचं उत्तर नव्हतं. मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, अशा पायात कधीकधी आपोआप आकडी येते, गाडीच्या कंपनानं आणखी. नागपूरच्या मेकॅनिकला फोन केला. तो म्हणाला, काही दोष येतात-जातात, ऑइल गरम झालं की, वजन बदललं की. दोघांचंही मला पटलं. पण दोघांना मी जेव्हा म्हटलं, 'दोन्ही एकाच क्षणी का?' तेव्हा डॉक्टर म्हणाले मेकॅनिकला विचारा, आणि मेकॅनिक म्हणाला डॉक्टरला विचारा.

शेवटी बसून बसून बाबांना मागे जखम झाली. ती चिघळली, ताप भरला. डॉक्टरांनी बसणं बंद केलं. सलीमभाई आले तेव्हा मी दारात आडवी झाले. ते म्हणाले, "मलेही बरं नव्हतं वाटून राह्यलं, ताई," आणि गेले. शेठनंही हट्ट धरला नाही. गाडी उचलून नागपूरला नेली आणि अख्खा गिअरबॉक्स नवा बसवून आणला.

गाडी उत्तम चालायला लागली. बाबांशिवाय.

मी जिंकले होते, बरं का. जखम भरली, ताप गेला, फिजिओथेरपी सुरू झाली. पण बाबा बोलायचे कमी झाले. सकाळी आंघोळ झाली की म्हणायचे, "बूट घालून दे." बूट घालून पलंगावर बसायचे. गल्लीत गाडी आली की मान वळवायचे.

आणि मग मी ते केलं, जे करीन असं मला कधी वाटलं नव्हतं. शेठच्या त्याच फाटकात पुन्हा गेले. या वेळी आवाज खाली होता. म्हटलं, "शेठजी, बाबांना एकदा गाडीत बसवाल का?"

"आण नं बेटा. विचारते काय?"

सलीमभाईंनी बाबांना मागे बसवलं, त्याच जागी. मी शेजारी. निर्गुडा नदीच्या पुलाकडे निघालो. मी समोरच्या काट्याकडे बघितलंच नाही. मी बुटाकडे बघत होते. आयुष्यात कधी कुणापुढे हात जोडले नाहीत, पण त्या वेळी मनात जे चाललं होतं त्याला दुसरं नाव नाही... हल. एकदा हल.

गाडी दुसऱ्यात गेली, तिसऱ्यात गेली, चौथ्यात गेली. कळलंसुद्धा नाही.

बूट जिथं ठेवला होता तिथंच होता.

पुलावर सलीमभाईंनी गाडी थांबवली. बाबांनी स्वतःच्या हातानं तो पाय थोडा सरळ केला, जसा कुणी दुसऱ्याचा पाय सरळ करतं.

"नवा हाय," ते म्हणाले. "मले नाही वळखत."

जुना गिअरबॉक्स कुठं गेला हे मी विचारलं. वर्कशॉपवाले म्हणाले, असा माल कंपनीकडे परत जातो, पुढं काय होतं आम्हाला माहीत नाही. मी अजून विचारते आहे. सापडला तर काय करणार आहे, हे मला विचारू नका.

भुताखेतांवर माझा आजही विश्वास नाही. पायगुण हा शब्द आजही माझ्यासमोर कुणी उच्चारू नये. जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं, हातांनी धरलं, आणि त्याचं कारण मला माहीत नाही. इतकंच.

फक्त एक. आमच्या खिडकीसमोरून रस्ता चढाचा आहे. दुपारी बाबा पडलेले असतात, कोळशाचा ट्रक जड होऊन वर चढतो, ड्रायव्हर गिअर खाली घेतो. बाबा डोळे मिटूनच म्हणतात, "दुसरा टाकला."

आणि मी, हातातलं पत्रक बाजूला ठेवून, चादर उचलून बघते. दर वेळी.