उलटी पट्टी

कारखान्यात त्यांना ओळंबा म्हणत. अर्थात पाठीमागे; पण त्यांना ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही होतं. गवंडी ज्या लंबकाने भिंतीचा सरळपणा जोखतो त्याचं नाव आपल्याला मिळावं, याहून मोठा मान तो कोणता? अंगाने उंच, सडसडीत, कॉलर कायम कडक. आणि सर्किट बोर्डावर त्यांनी आखलेल्या तांब्याच्या रेषा अशा सुरेख, की बघणाऱ्याने दोन पावलं मागे सरून दाद द्यावी.

तरुणपणी ते घरातल्या पुढच्या खोलीत लोकांचे रेडिओ दुरुस्त करत, तेव्हा धाकटी बहीण शेजारी बॅटरी धरून उभी असायची. हात जरा हलला की ओरडा खायची. पुढे त्या खोलीचा कारखाना झाला. बियाणं निवडायची यंत्रं तिथे बनू लागली. बी पट्ट्यावरून घरंगळत येतं, कॅमेरा त्याला न्याहाळतो, आणि किडकं निघालं तर हवेचा एक फुसकारा त्याला उडवून लावतो. बोर्ड ओळंब्यांचे, व्यवहार बहिणीचा. कारभार छान चालला होता.

मग नवा कॅमेरा आला. जुन्यापेक्षा कितीतरी चपळ. पण ओळंब्यांच्या बोर्डावर तो जोडला की पडद्यावर नुसत्या मुंग्या. बोर्ड पुन्हा आखला, मुंग्या कायम. आणखी एकदा आखला, मुंग्यांनी बिऱ्हाडच थाटलं.

"दादा, लेआउट बाहेर देऊ या," बहीण एका दुपारी म्हणाली. "असल्या वेगवान बोर्डांची आखणी करणारी माणसं आहेत. सर्किट तुझंच राहील."

"म्हणजे स्वयंपाक मी करायचा आणि पानं शेजारणीने वाढायची?"

"शेजारणीचा हात थरथरत नसेल तर काय बिघडलं?"

हे लागलं. ओळंब्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि ते आपल्या टेबलाकडे गेले.

बहिणीने काम बाहेर दिलंच. तिथल्या, डिझाइन सर्व्हिसमधल्या मुलीचा फोन रोज येऊ लागला. आवाज कोवळा, शंका मात्र शंभर. ओळंबे 'हो', 'नाही', 'बघा तुम्हीच' एवढ्यावर तिची बोळवण करत. मग तिने आखणीचं चित्र पाठवलं. ते पाहून यांनी स्वतःहून तोंड उघडलं.

"बाई, माझ्या बोर्डावर ही गांडुळं कुणी सोडली?"

ती हसली. "सर, चित्राचे तुकडे त्या सगळ्या तारांवरून एकाच वेळी निघतात आणि एकाच वेळी पोचावे लागतात. ज्या तारेची वाट जवळची, तिला मुद्दाम वळसे घालायला लावलेत."

ओळंब्यांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. पुस्तकात वाचलं होतं. पण चांगल्या सरळ रेषेला वाकडं करायला त्यांचा हातच धजला नव्हता. एखाद्या कसलेल्या नटाला, अडखळत बोल असं सांगावं, तसं वाटलं होतं त्यांना.

तिची शेवटची शंका कॅमेऱ्याच्या कनेक्टरची होती. "सर, तारांचा क्रम सर्किटच्या कागदात आहे तसाच ठेवू ना?"

"मग कागद कशाला दिलाय?" असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

बोर्ड तयार होऊन आला तो नेमका गिऱ्हाइकाच्या भेटीच्या दिवशी. बियाणं कंपनीचे खरेदी साहेब सकाळीच हजर. खुर्चीच्या कडेवर बसलेले, चहाला नको म्हणणारे. यंत्र आज चाललं तर सगळ्या गोदामांसाठी यंत्रं घेणार, नाहीतर दुसरं दार ठोठावणार. आणि कॅमेरा होता एकुलता एक. तो गेला तर दुसरा येईपर्यंत पेरण्या उरकल्या असत्या.

"दादा, जोडतोस?"

"ज्यांनी आखला त्यांना बोलव." ओळंबे दाराच्या चौकटीला टेकून हाताची घडी घालून उभे राहिले.

बहिणीने ओठ आवळले. खणातून तारांची चपटी पट्टी काढली, तिचं एक टोक कॅमेऱ्यात सरकवलं, दुसरं नव्या बोर्डात. कट्, कट्. सराईत हात होता तिचा.

आणि ओळंब्यांची नजर त्या पट्टीवर खिळली.

ती पट्टी उलटी होती. खणातल्या सगळ्याच पट्ट्या उलट्या होत्या. फार वर्षांपूर्वी पहिल्या यंत्राच्या बोर्डावर ओळंब्यांनी कनेक्टर आरशात दिसतो तसा आखला होता. बोर्ड फेकायचं जिवावर आलं, म्हणून त्यांनी वेगळ्या जातीची पट्टी आणली, जिची उघडी टोकं एकीकडे वर आणि दुसरीकडे खाली असतात. तारांचा क्रम उलटला, चूक चुकीने फिटली. पुढचे सगळे बोर्ड त्यावरूनच निघाले. सर्किटच्या कागदात मात्र क्रम बरोबरच होता. त्या मुलीने बोर्ड कागदाप्रमाणे, म्हणजे अगदी अचूक आखला होता. आता बटण दाबलं की वीज कॅमेऱ्यात नको त्या तारेतून शिरणार आणि तो जळून खाक होणार.

बहिणीचा हात बटणाकडे निघाला.

आणि याच वेळी ओळंब्यांच्या मनात आलं ते काही देवमाणसाला शोभणारं नव्हतं. गप्प राहिलो तर? धूर निघेल, बोर्ड बाहेरच्यांचा, दोष बाहेरच्यांचा. पुन्हा कुणी लेआउट बाहेर द्यायचं नाव काढणार नाही. पट्टीचं तर कुणाच्या स्वप्नातही येणार नाही. फक्त उभं राहायचं, आहे तसं. त्यांनी बहिणीकडे पाहिलं. बॅटरी धरताना पाहायची तसंच तिनेही एकदा त्यांच्याकडे पाहिलं.

"हात काढ!" लहानपणी ओरडत तसेच ते ओरडले. खरेदी साहेब खुर्चीतून उठलेच.

"काय झालं?"

"पट्टी उलटी आहे. बोर्ड बरोबर आहे. माझे बोर्ड चुकीचे होते... पहिल्यापासून."

बहीण त्यांच्याकडे बघतच राहिली. "पहिल्यापासून? आणि मी इतकी वर्षं गोणीभर उलट्या पट्ट्या मागवतेय?"

"मागवतेयस."

"दादा!"

"शिव्या मागाहून दे. सुलटी पट्टी हवी आहे. तुझा तो कागदांचा स्कॅनर कुठाय? त्यात असते तसली."

"माझा स्कॅनर चालू आहे, त्याला हात लावायचा ना—"

पण ओळंबे स्कॅनर उचलूनसुद्धा मोकळे झाले होते. पालथा घातला, स्क्रू काढले, झाकण उघडलं. आतून एक पट्टी निघाली. त्यांनी ती उजेडात धरली, दोन्ही टोकं उलटसुलट करून पाहिली, तारा नखाने मोजल्या.

"साहेब," बहीण कसनुसं हसत म्हणाली, "आमच्याकडे असंच असतं बरं का."

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं, पण परत बसले.

पट्टी बसली. या वेळी बटण ओळंब्यांनीच दाबलं. धूर नाही. पडदा काळा, काळाच... आणि मग पट्ट्यावरचं एकेक बी लख्ख उमटलं. सालीवरची बारीक भेग दिसत होती. एकही मुंगी नाही.

ओळंबे पडद्याच्या अगदी जवळ गेले. कॅमेरा वाचला होता. आणि इतके महिने मुंग्या कुणाच्या रेषांतून येत होत्या, तेही आता सगळ्यांसमोर स्वच्छ दिसत होतं.

यंत्राने किडकं बियाणं टिपून टिपून उडवलं. खरेदी साहेबांनी मूठभर निवडलेलं बी तळहातावर घेऊन फुंकर मारली आणि म्हणाले, "आता चहा चालेल."

ते गेल्यावर ओळंब्यांनी त्या मुलीला फोन लावला. स्वतःहून, पहिल्यांदा.

"बोर्ड छान झालाय," ते म्हणाले. "कनेक्टरचं तू विचारलंस ते योग्यच होतं. मी धड उत्तर दिलं नाही."

 पलीकडून भीतभीत प्रश्न आला. "सर, कागदात नाही असं अजून काही आहे का? पुढच्या बोर्डासाठी विचारते."

फोन स्पीकरवर होता; बहिणीने भुवया उंचावल्या. "हो रे दादा, आहे का?"

ओळंब्यांनी खुर्ची ओढली, बसले आणि वरचं, कडक कॉलरचं बटण सोडलं.

"बरंच आहे," ते म्हणाले. "आधी ते दार लोटून घे."