घाणेरीचं औषध आणि काकींची म्हैस

शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत नोकरी, त्यामुळे शेतीची कामं मी सोमवारच्या सुट्टीत उरकतो. त्या सोमवारी बांधावरच्या घाणेरीचा कायमचा निकाल लावायचा होता. दरवर्षी ही झुडपं तोडायची आणि दरवर्षी ती दुप्पट जोमानं फुटायची. हातावर ओरखडे तेवढे माझ्या. शेवटी पाठीवर तणनाशकाचा पंप घेतला, औषध पानाला चिकटावं म्हणून त्यात कपडे धुण्याची पावडर कालवली आणि झुडपं चिंब भिजवली. खालचं गवतही भिजलं.

बांधापलीकडं काकांचं शेत. नातं काही नाही, पण लहानपणापासून काका-काकीच. औषध मारलं की शेजाऱ्याच्या कानावर घालायचं, ही आमच्याकडची रीत. चहाच्या गाड्यावर काका भेटले, त्यांना म्हटलं, "पंधरा दिवस बांधावरचं गवत नेऊ नका." "व्हय, व्हय," म्हणाले. मी घरी येऊन जेवलो आणि निवांत झोपलो.

संध्याकाळी सहज बांधावर गेलो. घाणेरीखालचं गवत विळ्यानं साफ कापलेलं. काकींची एकुलती एक म्हैस गाभण होती, दिवस भरत आलेले. त्यांच्या गोठ्यापर्यंत गाडी कशी चालवली, आठवत नाही.

गोठ्यात म्हैस उभी होती, पुढ्यात हिरवागार भारा तसाच. काकी कमरेवर हात देऊन तिला शिव्या घालत होत्या. मी धावत जाऊन गवत कवेत घेतलं आणि बाहेर फेकलं.

"येड लागलं का रं तुला?"

"औषध मारलंय त्यावर, काकी! किती खाल्लं हिनं?"

काकींचा चेहरा पांढराफटक पडला. "काडी बी न्हाय. दुपारी टाकलं, तवापास्नं नुसती हुंगतीया आन् फुरफुरतीया."

पावडरीचा वास! मी तिथंच शेणात बसलो. हसू आवरत नव्हतं.

"काकांना सांगितलं होतं मी," म्हटलं.

"ह्यांस्नी? वैरण काय हे कापत्यात?" काकी घराकडं तोंड करून ओरडल्या. आतला टीव्हीचा आवाज एकदम कमी झाला. बरोबरच होतं काकींचं. जन्मभर त्या बांधावर मी विळा पाहिला तो काकींच्याच हातात, आणि सांगायला गेलो काकांना. माझी मलाच लाज वाटली.

"आधी साबणानं हात धुवा," मी म्हटलं. त्यांनी धुतले. मग ओल्या हातांनीच म्हशीजवळ गेल्या आणि तिच्या पाठीवरून हात फिरवू लागल्या.

"दोन दणकं दिलं बग मी हिला काठीनं," त्या म्हणाल्या, "खाईना म्हणून."

म्हैस हलली नाही. काकी पाठ चोळत राहिल्या.