सॉरी न म्हणण्याचे दिवस

माझ्या ताईला गल्लीत सगळे सर्व्हरबाई म्हणायचे. त्यात थट्टा होती, पण मानही होता. त्या काळी वेबसाइट ही चीज नवी होती. ती कुठल्यातरी यंत्रात, म्हणजे सर्व्हरवर, ठेवावी लागते आणि ते यंत्र कायम चालू ठेवावं लागतं, हे फार थोड्यांना ठाऊक होतं. ताईनं छापखान्यातली नोकरी सोडली, घरामागची अडगळीची खोली रिकामी केली आणि आसपासच्या दुकानदारांच्या वेबसाइट सांभाळायला घेतल्या. फुलवाली, चष्मेवाला, दातांचे डॉक्टर, नाचाचा क्लास, सगळे तिच्याकडे.

खोली अगदी लहान होती. लोखंडी मांडणीवर यंत्रं, खाली वायरींचा गुंता आणि पंख्यांची अखंड घरघर. थंडीत घरातली तेवढीच जागा उबदार, म्हणून सगळ्यांचे मोजे तिथंच वाळायचे. मी गेले की भावोजी दारातच बोट ओठावर ठेवून यंत्रांकडे मान करायचे. "हळू बोल, बाळं झोपलीत." ते शाळेत भूगोल शिकवायचे आणि त्यांना कशाचीच घाई नसायची. म्हणायचे, "लोकांच्या घरी सून येते, आमच्याकडे सर्व्हर येतो. आणि सुनेपेक्षा जास्त लाड करून घेतो."

विम्याचं खूळ त्यांच्याच मित्रानं काढलं. तो विमा एजंट होता. घराच्या विम्याचं नूतनीकरण करायला आला आणि मागची खोली बघून तिथंच थबकला.

"वहिनी, घराच्या विम्यात घर येतं, हा धंदा येत नाही. उद्या तुमच्या यंत्रामुळे एखाद्याचं नुकसान झालं आणि त्यानं दावा ठोकला, तर काय कराल? त्यासाठी लायबिलिटीचा विमा वेगळा असतो."

ताई भडकली. "म्हणजे मी चूक करणार, हे धरूनच चालायचं?"

"छत्री घेतली म्हणून पाऊस येत नाही गं," भावोजी म्हणाले. "घेऊन टाक."

तिनं विमा घेतला, पण दोन दिवस दोघांशीही धड बोलली नाही. पुढं कित्येक वर्षं त्या विम्याची आठवणसुद्धा कुणाला झाली नाही.

तिच्या गिऱ्हाइकांत एक सायकलवाले होते. बाजाराच्या कोपऱ्यावर त्यांचं दुकान. जुन्या सायकली विकत घेऊन, घासूनपुसून, रंगवून पुन्हा चालत्या करायचे. त्यांच्या मुलीनं हट्टानं वेबसाइट काढायला लावली, सुटे भाग विकायला. त्यातच एक पान होतं, 'माझी पहिली सायकल' नावाचं. तिथं कुणीही यावं आणि आपली आठवण लिहावी. लोक लिहीत गेले. भावाच्या सायकलच्या दांडीवर बसून शाळेत गेलेली बहीण, पहिल्या पगाराची सायकल चोरीला गेली म्हणून रस्त्यात रडलेला कारकून. सायकलवाल्यांच्या बायकोनंही लिहिलं होतं, नवऱ्यानं आपल्याला सायकल कशी शिकवली ते. पुढं त्या वारल्या. त्यांचं लिहिणं तिथं राहिलं. सायकलवाले दुकान उघडलं की आधी ते पान उघडायचे, हे ताईला माहीत होतं.

आणि ती साइट ज्यावर होती, नेमकं तेच यंत्र बसलं.

डिस्क बिघडणं नवीन नव्हतं. ताई रोज सगळ्याची प्रत दुसरीकडे काढून ठेवायची. ती शांतपणे प्रत उघडायला गेली आणि पांढरीफटक पडली. सायकलवाल्यांची साइट तिनं मागं नव्या यंत्रावर हलवली होती. प्रत मात्र जुन्याच जागेची निघत राहिली होती. जुनी जागा केव्हाच रिकामी झाली होती, आणि त्या रिकाम्या जागेची प्रत रोज इमानेइतबारे निघत होती.

सायकलवाल्यांच्या मुलीनं बुडालेल्या ऑर्डरींबद्दल रीतसर दावा लावला. तिचंही चूक नव्हतं, धंद्याचा हंगाम होता. विमा कंपनीतून एका बाईंचा फोन आला. आवाज गोड, सूचना कडक. "आता सगळं आम्ही बघू. तुम्ही फक्त चूक कबूल करायची नाही, नाहीतर विम्याचे पैसे अडकतील. तोंडी नाही, लेखी नाही. सॉरीसुद्धा म्हणायचं नाही."

माझी ताई म्हणजे खुर्चीला पाय लागला तर खुर्चीला सॉरी म्हणणारी. ते दिवस तिनं कसे काढले, ते मी जवळून पाहिलं. बाजारात जायचं तर ती लांबच्या रस्त्यानं जायची. मी म्हटलं, "अगं, विमा आहे ना, मग घाबरतेस कशाला?"

"घाबरत नाही गं. तो माणूस म्हणत असेल, सर्व्हरबाईला काहीच वाटलं नाही."

शेवटी तिला राहवलं नाही. एका सकाळी मला बरोबर घेऊन ती दुकानात गेली. सायकलवाले चाकाच्या तारा ताणत होते. ताई उभीच राहिली. मग म्हणाली, "मला काही बोलायची परवानगी नाही. विम्याचं प्रकरण चालू आहे. माझ्या तोंडाला कुलूप आहे."

सायकलवाल्यांनी चाक खाली ठेवलं. "चहापुरतं उघडेल का?"

ताई हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरले. चहा झाला. साइटचा विषय कुणीच काढला नाही. ब्रेकचे रबर हल्ली किती लवकर झिजतात, यावर मात्र भरपूर बोलणं झालं.

कंपनीनं पुढं दावा मान्य केला आणि मुलीच्या ऑर्डरींची भरपाई केली. फोनवरच्या बाई म्हणाल्या, "प्रकरण मिटलं. आता तुम्हाला हवं ते बोला." ताईनं रिसीव्हर ठेवला, चप्पल घातली आणि निघाली. आरशातसुद्धा बघितलं नाही. मीही मागोमाग निघाले.

दुकानात गिऱ्हाईक होतं, तरी ती थांबली नाही. "चूक माझी होती," ती म्हणाली. "डिस्क कुणाचीही जाते. पण प्रत नीट निघते आहे का, हे मी बघायला हवं होतं. बघितलं नाही. तुमच्या बाईसाहेबांचं लिहिलेलं माझ्यामुळं गेलं. मला माफ करा."

सायकलवाल्यांनी हात पुसले आणि संगणकासमोरची खुर्ची ओढली. म्हणाले, "बसा. मी सांगतो, तुम्ही टाइप करा."

दुकानातल्या संगणकावर ताई बसली. ते आठवून सांगू लागले. मोकळं मैदान, बायकोची निळी चप्पल, पाठीमागून धरलेली सीट, आणि न सांगता सोडलेला हात. मधेच थांबले. "तिनं लिहिलं होतं की मी तिला दोनदा पाडलं. आता मी सांगतोय, तर एकदाच पाडलं असं लिहा."

"बाबा!" आतून मुलगी ओरडली. "तीनदा! आई तीनदा म्हणायची!"

बाप-लेकीचं जुंपलं. ताईनं तिन्ही आकडे लिहिले, आणि पुढं कंसात, 'घरात एकमत नाही.' ते पान पुन्हा सुरू झालं. जुन्यांपैकी काहींनी परत लिहिलं, काही परत लिहायला उरलेच नव्हते.

पुढं मोठ्या कंपन्या आल्या, स्वस्तात आणि अफाट जागा देणाऱ्या. ताईनं एकेका गिऱ्हाइकाला स्वतः फोन करून सामान हलवून दिलं आणि मग धंदा बंद केला. यंत्रं भंगारात गेली. त्या खोलीचा एकही फोटो आमच्याकडे नाही. वायरींचा फोटो कोण काढणार? हल्ली भावोजी तिथं रोपं वाढवतात. परवा मी गेले होते, तर ताई कुंडी हलवताना त्यांना म्हणत होती, "सांभाळून हो, मुळं दुखावतील." मला एकदम 'बाळं झोपलीत' आठवलं आणि भरून आलं. का, ते तिला सांगत बसले नाही.